शेंदराची वर्षं

आबा, तुमचे सुरे परवा धुळ्याच्या संग्रहालयात गेले. अक्का ज्या खोलीसाठी एवढी धडपडत होती ती खोली मात्र मिळाली नाही. एका कपाटातला एक कप्पा मिळाला. असं का झालं ते तुम्हाला मीच सांगायला हवं, कारण ते माझ्यामुळे झालं. आज कारखान्याला सुट्टी आहे. सकाळचं नामस्मरण झालं, चहा झाला, आणि सवयीने तुमच्या खाटेखालची लोखंडी पेटी पुढे ओढली तर ती एका हाताने सरकली. आत आईने जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या पिशव्या तेवढ्या उरल्या आहेत. संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेच्या माणसांनी त्या परत दिल्या, त्यांना काचेमागे नुसतं लोखंड हवं होतं. वाटलं होतं की पेटी रिकामी झाली की हलकं वाटेल. दर पावसाळ्याच्या तोंडी सगळे सुरे काढायचे, पुसायचे, तेलाचा हात द्यायचा, पुन्हा नाड्या बांधायच्या, हे इतकी वर्षं केलं आणि अलीकडे गुडघे मोडून खाली बसणं नकोसं झालं होतं. पण हलकं काही वाटलं नाही. नुसता थकवा आहे, आणि तो झोपून जात नाही.

संस्थेचे गृहस्थ पहिल्यांदा असोद्याला आपल्या घरी आले तेव्हा पेटी बघून म्हणाले, "वडील शिकारीचे शौकीन दिसतात." मला हसू आलं. त्यांना सांगितलं, आमचं घर महानुभाव पंथाचं, पाणीसुद्धा गाळून पिणारं. वडील जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. चोपडा-यावलच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी सगळी नोकरी गेली. सायकलीला औषधाची पेटी बांधून पाड्यांवर जायचे, बैलाच्या खांद्यावरची गाठ फोडायचे, अडलेलं वासरू ओढून काढायचे. तिथले पावरा आदिवासी त्यांना डॉक्टर म्हणायचे, कार्यालयात ते शेवटपर्यंत ड्रेसरच राहिले. तेव्हा शिकारबंदी होऊन गेली होती. वनखात्याची माणसं झडती घ्यायची, आणि घराघरांत आजा-पणजाचे सुरे कुडात खोचलेले असायचे. जनावर बरं झालं की लोक विचारायचे, डॉक्टर, काय देऊ? वडील म्हणायचे, तो सुरा द्या. ते गृहस्थ म्हणाले, "म्हणजे हत्यारं गोळा केली ती अहिंसेसाठी?" मी हो म्हणालो. तुम्ही असा मोठा शब्द कधी वापरला नाहीत. माझ्या घरात आला की हा कोणाचा जीव घेणार नाही, एवढंच तुमचं म्हणणं असायचं.

आईला मात्र ते लवकर पटलं नव्हतं. पहिला सुरा आला तो दिवस मला लख्ख आठवतो. तुम्ही सायकल ओट्याला टेकवता आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढत सरळ स्वयंपाकघरात येता. आई चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापते आहे.

"हे काय आनलं?"

"सुरा. सांबराच्या शिंगाची मूठ हाये, पाह्य."

"जीव घेयेल लोखंड माह्या चुलीपाशी नको. बाहेर न्या."

"आता तो जीव घेत नही. म्हनूनच त आनला."

"मंग काय करू त्याचं? भाजी चिरू?"

सुरा दोन दिवस ओट्यावरच्या कोनाड्यात पडून होता. तिसऱ्या दिवशी आईनेच तिच्या फाटक्या लुगड्याची पिशवी शिवून तुमच्यापुढे टाकली. म्हणाली, "उघडा नका ठेवू. नजरेले पडला की घास उतरत नही." त्यानंतर तुम्ही नवा सुरा आणलात की आई सुईदोरा काढायची.

सुरा किती जुना हे ओळखायचा नाद तुम्हाला नंतर लागला. आधी तुम्ही पातं बघायचात. जुनी कानस ठोकून घडवलेलं असेल तर उन्हात तिरपं धरल्यावर कानशीचे दात अजून पुसट दिसतात. मोटारीच्या कमानपाट्याचं असेल तर तो सुरा ह्या भागात मोटारी आल्यानंतरचा. मग मूठ. शिंग की लाकूड, खिळे पितळेचे की लोखंडाचे, मूठ पक्की करायला लाख ओतली आहे की नुसती पाचर मारली आहे. पण ह्या खुणांनी एवढंच कळायचं की सुरा अमक्याच्या आधीचा नाही. तुम्हाला वर्ष हवं होतं. ते तुम्हाला शेंदरात सापडलं. पावरा लोक दसऱ्याला हत्यार पुजतात, तेलात कालवलेला शेंदूर पात्याच्या मुळाशी लावतात. मग तो सुरा चुलीच्या वर कुडात जातो आणि वर्षभर धूर खातो. पुढच्या दसऱ्याला काजळीवर पुन्हा शेंदूर. पातं मुठीत शिरतं त्या खाचेत हे सगळं साचून राहतं. तुम्ही दारातल्या उजेडात बसून गोधडीच्या सुईने त्या थराचा एक कोपरा तासायचात, तेलाचं बोट लावायचात आणि ओठ हलवत मोजायचात. एक केशरी रेघ, एक काळी. एक दसरा, एक वर्ष.

मी तेव्हा जळगावला आयटीआयला टर्नरचं काम शिकत होतो. हातात आलेलं लोखंड घासून चकचकीत करायची सवय लागली होती. तुम्ही मोजत असताना मी दुसरा सुरा उचलून त्याचा शेंदूर नखाने टोकरायला लागलो. तुम्ही कधी आवाज चढवत नव्हतात. त्या दिवशी चढवलात.

"हात काढ! मळ नही तो. वर्षं हायेत ते."

पुढे मला पाइपाच्या कारखान्यात कायमची नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला घड्याळ नाही दिलं, पेन नाही दिलं. जळगावच्या एका ओळखीच्या सोनाराकडून डोळ्याला लावायचं भिंग आणून दिलंत. "आता तू मोज, माह्ये डोये गेले," म्हणालात. त्या भिंगातून मी पहिल्यांदा मोजला तो लांब पात्याचा सुरा, तुमचा सगळ्यात लाडका. थर शंभराच्या वर भरले. मध्येमध्ये काही ठिकाणी काळी रेघ अगदी बारीक होती, जवळजवळ नव्हतीच. मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "दुष्काळ असतीन. घरात दाना नही, चूल पेटली नही, धूर कुठून येईन?" तुमच्या आवाजात त्या न पेटलेल्या चुलींचं खरोखरचं दुःख होतं. मी भिंग काढून तुमच्याकडे बघत राहिलो. माझा बाप एका सुऱ्याच्या खाचेत उपाशी वर्षं वाचतोय, ह्याचा मला केवढा अभिमान वाटला होता.

तुम्ही गेलात त्याला आता वीसच्या वर वर्षं झाली. पेटी माझ्याकडे आली आणि नादही आला. सावद्याच्या बाजारात, भुसावळच्या भंगारवाल्यांकडे मी सुट्टीच्या दिवशी फिरायचो. पिशव्या शिवायला आई होती तोवर तिने शिवल्या. लोकांना कळत गेलं. आता तर कोणीही मोबाइलवर फोटो पाठवतं, भाऊ, हा किती जुना असेल? मी सांगतो, फोटोवर कळत नाही, घेऊन या. ते येतात, मी भिंग लावतो, मोजतो आणि आकडा सांगतो. मला कोणी चुकीचं म्हटलं नाही, कारण अशी मोजणी दुसरं कोणी करतच नव्हतं.

अक्काच्या मनात वेगळंच होतं. तुमच्या निवृत्तीच्या समारंभाला ती धुळ्याहून आली होती, आठवतं? साहेबांनी शाल-नारळ देताना तुमचं नाव चुकीचं घेतलं. दुसऱ्याच कोणाचं आडनाव लावलं. तुम्ही हात जोडून नारळ घेतलात. अक्काने ते आजतागायत पोटात ठेवलं आहे. धुळ्याच्या संस्थेने जुन्या वस्तूंचं संग्रहालय वाढवायचं ठरवलं तेव्हा तीच त्यांच्याकडे गेली, तीच त्यांना असोद्याला घेऊन आली. मला म्हणाली, "दारावर आबाचं नाव पाह्यजे. पूर्न. बरोबर." संस्थेच्या गृहस्थांनी मोकळेपणाने सांगितलं होतं की जुने सुरे त्यांच्याकडेही आहेत. पण ज्यांची वर्षं मोजलेली आहेत, दुष्काळसुद्धा दाखवता येतो, असा संग्रह दुसरा नाही. म्हणून स्वतंत्र खोली. त्यांनी मला एवढंच काम दिलं, लांब सुरा ज्या घरातून आला त्या घराचा फोटो आणि चार ओळींची माहिती आणा.

मी थंडीत गेलो. तुमच्या सायकलच्या वाटेवर आता डांबर आहे. तो पाडा सापडायला वेळ लागला नाही. ज्यांनी तुम्हाला सुरा दिला ते केव्हाच गेले, त्यांची सून आता म्हातारी झाली आहे. मी पोचलो तेव्हा अंगणात नवी मोटरसायकल उभी होती, हँडलला झेंडूची माळ, पुढे फोडलेला नारळ. म्हातारी पळसाच्या पानावर शेंदूर घेऊन टाकीला, चाकाला, दिव्याला बोटं लावत होती. आपल्या पंथात दुसऱ्या देवाची पूजा बघत नाहीत; मी सवयीप्रमाणे पाठ करून बाजूला होणार होतो, पण हातात मोबाइल होता, फोटो घ्यायचा होता, म्हणून बघत राहिलो. मोटरसायकल झाली. मग ती कुऱ्हाडीकडे गेली, तिला बोट लावलं. विळ्याला लावलं. कुडात खोचलेल्या सुरीला लावलं.

"आज सण आहे का?" मी विचारलं.

"सण कसला? नातवाने गाडी आणली." ती सगळ्यांना तूच म्हणत होती, मलाही. "तुला दिसत नाही?"

"मग सुरीला कशाला?"

"शेंदूर उरला ना. उरलेला काय केसात घालू?"

अंगणातली सगळी हसली. मी म्हणालो, "पण हत्यारांना दसऱ्याला लावता ना?"

"दसऱ्याला लावतो. होळीला लावतो. नवं धान्य आलं, लावतो. बकरी आजारी पडली, लावतो. पोरगी सासरहून आली, कोणाला वाईट सपन पडलं, लावतो." तिने बोटं पुसत माझ्याकडे नीट बघितलं. "तुमच्यात काय मोजून लावतात?"

"आमच्यात लावतच नाहीत."

तेव्हा तिला ओळख पटली. "अरे, तू डॉक्टरचा पोरगा! तेच नाक, तेच बोलणं." मग तिने चहा ठेवायला लावला, तुमचं सगळं सांगितलं. कुठली गाय तुम्ही वाचवलीत, कुठल्या बैलाने तुम्हाला लाथ मारली. म्हणाली, चांगला माणूस, हाताला यश होतं. "पण आमची पूजा निघाली की बाहेर मोहाच्या झाडाखाली जायचा, पाठ करून उभा राहायचा. सासरा म्हणायचा, डॉक्टर मारक्या म्हशीला भीत नाही, आपल्या देवाला भितो!" त्यावर पुन्हा सगळी हसली, मीही हसलो. लांब सुऱ्याचं विचारलं तर म्हणाली, सासऱ्याच्या बापाने करून घेतला. मग म्हणाली, की सासऱ्यानेच? कोण जाणे. फोटो काढून दे म्हणाली, तो दिला.

परतताना मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून बराच वेळ बसलो. तुम्ही त्या लोकांना विचारलं असणार, दसऱ्याला शेंदूर लावता का? ते हो म्हणाले असणार, आणि ते खरंच होतं. आणखी केव्हा लावता हे तुम्ही विचारलं नाहीत, कारण ज्या घरात कशालाच शेंदूर लागत नाही त्या घरातल्या माणसाला वाटतं, ही गोष्ट वर्षातून एकदा होत असेल. आणि मी तरी काय बघितलं? आमच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. नवी मोटार बसवली की होते. कोणाचं बोट सापडता सापडता वाचलं की दुसऱ्या दिवशी नारळ फुटतो. मी दर वेळी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहतो, तुमच्यासारखाच, पाठ करून. आबा, आपला पंथ चुकीचा असं मी म्हणत नाही. देव एकच हे माझ्या मनात पक्कं आहे आणि मरेपर्यंत राहील. पण ज्याच्याकडे आपण पाठ करून उभे राहिलो, त्याचेच थर आपण दोघं जन्मभर मोजत बसलो. त्या बारीक काळ्या रेघा दुष्काळाच्या नव्हत्या. मधे आठच दिवस गेले असतील. कोणाची तरी पोरगी माहेरी आली असेल.

अक्काला सांगायला मी धुळ्याला गेलो. फोनवर बोलवेना. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मंग किती वर्षांचे?" तिने विचारलं.

"माहीत नही."

"अंदाजे?"

"चाळीस असतीन, ऐंशी असतीन. सांगताच येत नही, अक्का."

"तू गप बसला त कोनाले कळनार हाये?"

"कोनालेच नही."

"मंग?"

मी म्हणालो, आबाच्या नावाखाली चुकीचं वर्ष कसं लिहू देऊ? ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि आतूनच म्हणाली, "एकदा साह्यबानं नाव चुकवलं. आता तू बापच चुकवून राह्यला." मेहुणे बाजूला पेपर वाचत होते. ते मूळचे धुळ्याकडचे, घरात त्यांची अहिराणीच चालते. हळूच म्हणाले, "जाऊ द्या ना भाऊ, बठ्ठा देश अंदाजवर चाली राह्यना." सगळा देशच अंदाजावर चालतो, ह्यावर एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी अक्का जेवली नाही, म्हणून मीही तसाच निघालो.

संस्थेच्या गृहस्थांना मात्र मी दुसऱ्याच दिवशी फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं, आभार मानले, आठवड्याने कळवतो म्हणाले. मग त्यांचा निरोप आला, खोली आता जुन्या भांड्यांना गेली. सुरे घेऊ, पण एका कप्प्यात, तेही सगळे नाही, निवडून. नंतर मी ज्यांना ज्यांना वर्षं सांगितली होती त्यांना फोन करत बसलो. एक जण म्हणाला, राहू दे भाऊ, मी पाहुण्यांना सांगतो ते तसंच सांगत राहीन. एकाने माझा फोन घेणं बंद केलं. बाकीच्यांना काही वाटलं नसावं. सगळ्यांशी तेच तेच बोलून माझा घसा बसला होता.

परवा मेहुण्यांची गाडी आली. पेटी उचलून आम्ही धुळ्याला नेली, अक्का तिथेच आली. कप्प्यात निवडलेले सुरे मांडले, लांब सुरा मधोमध. खाली कार्ड आहे: "शिकारीचे सुरे, हातघडणीचे. सातपुड्याचा पायथा. काळ अनिश्चित." त्याखाली बारीक अक्षरात संग्राहक म्हणून तुमचं पूर्ण नाव. अक्काने चष्मा लावून ते नाव एकेक अक्षर वाचलं, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं. मग काचेवर पडलेला आमच्या दोघांच्या बोटांचा डाग पदराने पुसला. बाकीचे सुरे गोण्यांत भरून त्यांनी आतल्या खोलीत नेले, रिकामी पेटी मला परत दिली. मी त्यांना तेल कधी लावायचं ते सांगितलं, त्यांनी मान हलवली.

जिना उतरताना अक्का मधेच थांबली. कठड्याला धरून माझ्याकडे न बघता म्हणाली, "आबा असते, त त्याह्यले तोंडावर सांगतलं असतं का तू?"

"सांगतलं असतं," मी म्हणालो.

"मंग ठीक हाये," ती म्हणाली आणि उतरायला लागली. तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं मला पाठीमागून दिसलं. दुपारी तिच्याकडे जेवायला थांबलो. तिने मला आग्रह करून दुसऱ्यांदा भात वाढला.

आबा, मी तिला खरं सांगितलं नाही. तुम्ही त्या ओट्यावर बसलेले असता, तर मी सगळे सुरे, सगळ्या वर्षांसकट, गाडीत भरून दिले असते. दाराच्या वर तुमचं नाव लागलं असतं आणि मी खाली उभा राहून टाळ्या वाजवल्या असत्या. तुम्ही नाहीत म्हणूनच मला खरं बोलता आलं. हे पत्र कुठे पाठवायचं असतं, तर एवढंही लिहिलं नसतं.